कीर्तिदालन आणि तिसरे नाव

कोणत्याही खेळातील सामना पंचाची शिटी वाजली की संपतो. थोर खेळाडू कोण, हा सामना मात्र कधीच संपत नाही. आगगाडीच्या डब्यात, कचेरीच्या मधल्या सुट्टीत, चहाच्या दुकानात तो पिढ्यान्पिढ्या चालू असतो. एकाने चुनी गोस्वामींचे नाव घ्यावे, दुसऱ्याने सुनील छेत्रींचे गोल मोजून दाखवावेत आणि कोपऱ्यातल्या एखाद्या वडीलधाऱ्या गृहस्थाने ‘तुम्ही थंगराज गोलात उभा असलेला पाहिलाच नाही’ असे म्हणून दोघांनाही गप्प करावे, हा त्या वादाचा नेहमीचा क्रम. अशा गप्पांत कोणाचे काही जात नाही. परंतु हाच प्रश्न एखाद्या संस्थेपुढे निर्णयासाठी आला आणि निवडलेली नावे दगडावर कोरायची ठरली, म्हणजे त्याचे स्वरूप पालटते. कोरलेले नाव पुढच्या पिढीला इतिहास म्हणून वाचावयाचे असते. आणि जे कोरले गेले नाही ते नाव नव्हतेच, असे ती पिढी समजून चालते.

इंग्लंडमधील राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाने २००२ साली असे एक कीर्तिदालन सुरू केले. हे संग्रहालय तेव्हा प्रेस्टन येथे होते. २०१२ पासून ते मँचेस्टरला आहे. पहिल्याच यादीत स्टॅन्ली मॅथ्यूज, बॉबी चार्लटन, बॉबी मूर ही नावे होती. त्यांच्याबद्दल कोणी शंका घेण्याचे कारण नव्हते. विचार करायला लावणारी नावे दुसरीच होती. त्यांतले एक डंकन एडवर्ड्सचे. म्यूनिक येथील १९५८ च्या विमान अपघातानंतर हा तरुण वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी मरण पावला. इंग्लंडकडून तो केवळ अठरा सामने खेळला होता. दुसरे नाव लिली पार या स्त्रीचे. प्रेस्टनमधील एका कारखान्याच्या महिला संघातून ती खेळे. तिच्या संघाचे सामने पाहायला हजारोंची गर्दी लोटत असता १९२१ साली इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या मैदानांची दारे महिलांच्या खेळाला बंद केली आणि ती जवळजवळ अर्धे शतक बंदच राहिली. ज्या खेळाने तिला मैदान नाकारले, त्याच खेळाच्या कीर्तिदालनात ती पहिल्या यादीतच दाखल झाली. कारकीर्दीची लांबी आणि अधिकाऱ्यांची मान्यता या दोन्ही मापांनी त्या निवडसमितीने मोजले असते, तर ही दोन्ही नावे बाहेर राहिली असती.

आता आपल्या देशाकडे वळू. समजा, भारतीय फुटबॉलसाठी असे एक दालन उभारावयाचे ठरले आणि त्याच्या दारात पहिल्यांदा कोणाला बोलवावे असा प्रश्न निघाला. कोणी म्हणेल की, त्यात अवघड ते काय? सरकारने ज्यांना पदव्या आणि पुरस्कार दिले त्यांची यादी काढली म्हणजे झाले. वस्तुतः अडचण तेथेच सुरू होते. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. प्रशिक्षकांसाठी असलेला द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली. ज्याचा बहर १९५६ मध्ये येऊन गेला त्याला पहिला पुरस्कार चुकला. ज्याचा मृत्यू १९६३ मध्ये झाला त्याला दुसरा. यात कोणाचा दुष्टावा नव्हता, पंचांगाचा दोष होता. पण पंचांगाने केलेली निवड ही गुणांची निवड नव्हे, एवढे ध्यानात ठेवलेच पाहिजे.

या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे तिघांचे. प्रदीपकुमार बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि तुलसीदास बलराम ही तीन नावे भारतीय फुटबॉलमध्ये एका श्वासात घेतली जातात. बॅनर्जी उजव्या बगलेने मुसंडी मारीत. गोस्वामींच्या पायाशी चेंडू आला की प्रतिपक्षाचा बचाव बुचकळ्यात पडे. आणि बलराम आघाडीच्या फळीत कोणत्याही जागी ठेवले तरी तेथलेच वाटत. तिघेही १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये खेळले, तिघेही १९६२ साली जाकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात होते. तिघांनाही अर्जुन पुरस्कार मिळाला: बॅनर्जींना १९६१ मध्ये, बलराम यांना १९६२ मध्ये, गोस्वामींना १९६३ मध्ये. पुढे गोस्वामींना १९८३ साली आणि बॅनर्जींना १९९० साली पद्मश्री मिळाली. बलराम यांना ती मिळाली नाही. पहिले दोघे २०२० साली महिन्याभराच्या अंतराने गेले. बलराम २०२३ च्या फेब्रुवारीत गेले. त्रिकूटातील दोघांपुढे पदवी लागली आणि तिसऱ्याचे नाव मोकळेच राहिले.

बलराम हे सिकंदराबादचे. हैदराबादकडून कलकत्त्याला जाऊन १९५७ पासून ते ईस्ट बंगाल संघातून खेळू लागले आणि पुढे तिकडेच कायमचे राहिले. त्यांच्याविरुद्ध जो मुद्दा मांडला जातो तो प्रामाणिकपणे मांडावयास हवा. त्यांची कारकीर्द लहान होती. फुप्फुसाच्या आजाराने त्यांना १९६३ मध्येच, वयाची तिशी गाठण्यापूर्वी, खेळ सोडावा लागला. बॅनर्जींनी पुढे प्रशिक्षक म्हणून दोन पिढ्या घडविल्या. गोस्वामींनी फुटबॉल सोडल्यावर क्रिकेटमध्येही नाव काढले आणि बंगालचा संघ १९७१–७२ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेला. तो सामना मुंबईने जिंकला, हे मुंबईच्या जुन्या क्रिकेटरसिकांना सांगावयास नको. बलराम यांच्या खात्यावर अशी दुसरी कमाई नाही. ते फुटबॉल खेळले, उत्तम खेळले आणि थांबले.

परंतु फुटबॉलच्या दालनात फुटबॉलच मोजावयाचा असेल, तर गोस्वामींचे क्रिकेट बाजूला ठेवले पाहिजे आणि बॅनर्जींचे प्रशिक्षण वेगळ्या वहीत मांडले पाहिजे. मग उरते ते मैदान. रोमला भारताचा पहिला सामना हंगेरीशी पडला. त्या संघात फ्लोरियन अल्बर्ट होता. पुढे १९६७ साली युरोपातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरविला गेलेला तो हाच. हंगेरीने त्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. अशा संघाविरुद्ध भारत २–१ असा हरला आणि भारताचा गोल बलराम यांचा होता. पेरूविरुद्ध भारत ३–१ असा हरला, तेथेही भारताचा गोल बलराम यांचा. फ्रान्सशी १–१ अशी बरोबरी झाली, तो गोल बॅनर्जींचा. तीन सामन्यांत भारताने केलेल्या तीन गोलांपैकी दोन ज्याने केले, त्याला तिसरे नाव म्हणण्याचे कारण केवळ उच्चाराचा क्रम एवढेच आहे. डंकन एडवर्ड्सच्या बाबतीत इंग्लंडने जो न्याय लावला तोच येथे लावला, तर कारकीर्द आजाराने आखूड केली ही गोष्ट खेळाडूच्या विरोधात जमेस धरता येत नाही. ज्याने कंटाळून खेळ सोडला आणि ज्याच्याकडून तो हिसकावून घेतला गेला, त्या दोघांना एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे.

याहून अवघड प्रकरण नेव्हिल डिसोझा यांचे आहे. गोव्यातील आसगाव हे त्यांचे गाव. मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून त्यांचा खेळ बहरला. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न येथील ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाचा ४–२ असा पराभव केला. त्या चारांपैकी तीन गोल डिसोझांचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. उपांत्य सामन्यात यूगोस्लाव्हियाविरुद्ध भारताचा एकमेव गोलही त्यांचाच. एकूण चार गोलांसह त्या स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्यांत ते संयुक्तपणे पहिले होते.

वाद घालणारा येथे लगेच उठेल आणि म्हणेल, मेलबर्नला संघ आले होते केवळ अकरा. हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताला पहिली फेरी खेळावीच लागली नाही. ऑस्ट्रेलिया तेव्हा फुटबॉलमध्ये फारसा बलाढ्य देश नव्हता. एका आठवड्याच्या पराक्रमावर कायमची कीर्ती द्यावयाची काय? हा आक्षेप पोकळ नाही आणि त्याला भावनेने उत्तर देऊन चालणार नाही. उत्तर आहे ते उपांत्य सामन्यात. यूगोस्लाव्हियाने चार वर्षांपूर्वी हेलसिंकीला भारतावर दहा गोल चढविले होते. मेलबर्नला त्याच देशाविरुद्ध मध्यंतरापर्यंत भारताने गोल होऊ दिला नाही आणि उत्तरार्धात पहिला गोल केला तो भारताने, म्हणजे डिसोझांनी. पुढे यूगोस्लाव्हियाने ४–१ असा विजय मिळविला आणि अखेर रौप्यपदकही नेले. तथापि ज्याने दुबळ्या संघाविरुद्ध तीन गोल केले त्यानेच बलवान संघाविरुद्धही पहिला घाव घातला, ही नोंद त्या आठवड्याला वजन देते. डिसोझा १९८० साली निवर्तले. अर्जुन पुरस्कार सुरू होण्यापूर्वीच त्यांचा बहर येऊन गेला होता.

गोलांच्या गणतीने आणखी एक अन्याय होतो, तो बचाव करणाऱ्यांवर. ज्याने गोल केला त्याचे नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते. ज्याने होऊ दिला नाही त्याचे नाव बहुधा येत नाही. जर्नेलसिंग यांचे नाव आले, पण त्यासाठी त्यांना आपली जागा सोडावी लागली. जाकार्ताच्या स्पर्धेत त्यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले होते. बचावफळीतल्या या खेळाडूला पुढे आघाडीवर उभे करण्यात आले. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या उपांत्य सामन्यात भारताने ३–२ असा विजय मिळविला. त्यात गोस्वामींचे दोन गोल आणि जर्नेलसिंगांचा एक होता. ४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाचा २–१ असा पराभव झाला तेव्हा गोल केले बॅनर्जींनी आणि जर्नेलसिंगांनी. याच दक्षिण कोरियाने साखळीत भारताला २–० असे हरविले होते. शिवाय इस्रायल आणि तैवान यांना प्रवेश नाकारल्यावरून भारतीय प्रतिनिधींनी आवाज उठविल्यामुळे जाकार्ताचा प्रेक्षकवर्ग भारतावर चिडला होता आणि खच्चून भरलेले मैदान भारताच्या विरुद्ध ओरडत होते. अशा गदारोळात ज्यांनी तोल सांभाळला त्यांत गोव्याचे फोर्तुनातो फ्रँको हेही होते. मध्यफळीतल्या या खेळाडूचे नाव गोव्याबाहेर आज कितीजणांना आठवते?

आणि या सर्वांमागे उभा होता तो एक शिक्षक. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे. त्यांच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईत भरणारी रोव्हर्स चषक स्पर्धा १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीने पाच वर्षे जिंकली. कूपरेजच्या मैदानावर मुंबईकरांनी हैदराबादी खेळाची चपळाई पाहिली ती त्याच काळात. खेळाडूने दोन्ही पाय सारखे चालवावेत, चेंडू पायाशी घोटाळत न ठेवता एका स्पर्शात पुढे द्यावा, यावर रहीम यांचा कटाक्ष असे. दिल्लीचे १९५१ चे सुवर्णपदक, मेलबर्नचा चौथा क्रमांक आणि जाकार्ताचे सुवर्णपदक, या तिन्ही वेळी प्रशिक्षक तेच होते. जाकार्ताच्या वेळी त्यांना कर्करोगाने ग्रासले होते. जून १९६३ मध्ये त्यांचा अंत झाला. खेळाडूंच्या दालनात प्रशिक्षकाला जागा द्यावी की नाही, असा तात्त्विक वाद कोणी काढील. पण रहीम यांना वगळून १९५१ ते १९६२ हा कालखंड कसा समजावून सांगावयाचा, याचे उत्तर त्याने आधी द्यावे.

याच प्रश्नात खरे म्हणजे सगळ्या वादाची किल्ली आहे. ‘सर्वांत थोर कोण’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण वेगवेगळ्या काळांतील खेळाडू एकमेकांविरुद्ध कधी खेळलेच नाहीत. त्याऐवजी ‘याचे नाव गाळले तर या खेळाची हकिकत नीट सांगता येईल काय’ असा प्रश्न केला, तर पुष्कळ गोंधळ मिटतो. मोहन बागानने २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हा भारताचा राष्ट्रीय संघ असा नव्हताच. शिवदास भादुरी यांच्या नावापुढे आंतरराष्ट्रीय सामन्यांचा आकडा शोधू गेल्यास काहीच सापडणार नाही. पण बहुतेक अनवाणी खेळाडूंच्या त्या संघाला आणि त्याच्या कप्तानाला वगळून भारतीय फुटबॉलचा इतिहास सुरूच करता येत नाही. तीच गोष्ट डॉक्टर तालिमेरेन आओ यांची. स्वतंत्र भारताच्या पहिल्या ऑलिंपिक फुटबॉल संघाचे, १९४८ च्या लंडनच्या संघाचे, ते कप्तान. त्यांचे आंतरराष्ट्रीय सामने बोटांवर मोजण्याइतके. पुढचे आयुष्य त्यांनी नागा प्रदेशात वैद्यकीय सेवेत घालविले. ते नसतील तर त्या हकिकतीचे पहिलेच पान कोरे राहील.

या कसोटीने काही आवडती नावे थांबवून ठेवावी लागतील, हेही सांगितले पाहिजे. सुनील छेत्री यांनी २००५ पासून देशासाठी नव्वदाहून अधिक गोल केले. दालनात त्यांची जागा निश्चित आहे याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु २०२४ च्या जूनमध्ये निरोपाचा सामना खेळून २०२५ मध्ये ते पुन्हा भारतीय संघात उतरले. खेळणाऱ्याची हकिकत खेळ चालू असताना लिहू नये, हा नियम का हवा, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. निवृत्तीनंतर काही वर्षे जाऊ द्यावीत. टाळ्यांचा आवाज विरल्यावर जे उरते तेच कोरण्याजोगे असते.

उलट काही नावे पुढे आणावी लागतील. गोलरक्षकाची कामगिरी आकड्यांत सहसा सापडत नाही. गोव्याचे ब्रह्मानंद संखवाळकर यांनी भारताचे गोल दीर्घकाळ राखले, संघाचे नेतृत्वही केले. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला १९९७ मध्ये आणि पद्मश्री २०२२ मध्ये. दोन्ही सन्मान उशिरा आले, पण निदान आले. आणि लिली पारचे उदाहरण पुढे असताना महिलांना परसदारी उभे ठेवता येणार नाही. शांती मल्लिक यांना १९८३ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. मणिपूरच्या बेंबेम देवींना तो २०१७ साली मिळाला आणि २०२० साली पद्मश्री. दोन पुरस्कारांमध्ये चौतीस वर्षांचे अंतर पडले. या अंतरात महिला फुटबॉल खेळत नव्हत्या असे नाही. त्यांच्याकडे पाहणारे कोणी नव्हते.

मग निवड करावी कोणी? प्रेक्षकांच्या मतांवर सोडली तर दूरचित्रवाणीच्या काळातले खेळाडू जिंकतील. ज्याचे गोल हजार वेळा पडद्यावर पाहता येतात त्याच्याशी, ज्याचा खेळ पाहिलेली माणसेही आता उरली नाहीत, तो काय स्पर्धा करणार? केवळ जुन्या खेळाडूंच्या हाती दिली तर प्रत्येकजण आपल्या क्लबचा आणि आपल्या प्रांताचा झेंडा घेऊन येईल. कलकत्ता, हैदराबाद, गोवा, केरळ, पंजाब आणि ईशान्येचा डोंगराळ मुलूख, या प्रत्येकाला आपला फुटबॉल हाच भारताचा फुटबॉल वाटतो आणि त्यात नवल नाही. म्हणून समितीत खेळाडूंबरोबर इतिहासाचे अभ्यासकही हवेत. दरवर्षी थोडीच नावे घ्यावीत. त्यांत निम्मी तरी दिवंगतांची असावीत. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक नावाची कारणे लेखी देऊन ती प्रसिद्ध करावीत. कारणे लिहिण्याची सक्ती झाली की भिडेने घातलेली नावे आपोआप गळतात.

ही कारणे लिहावयाची तर कागद हवेत, आणि येथेच सर्वांत मोठी उणीव आहे. जुन्या सामन्यांची चित्रफीत फारशी नाही. जे काही आहे ते वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत, क्लबांच्या कपाटांत आणि खेळाडूंच्या घरच्या पेट्यांत. त्या पेट्या दर पावसाळ्यात थोड्याथोड्या भिजत आहेत. कीर्तिदालनाचा पहिला दगड बसविण्यापूर्वी दप्तरखान्याची पहिली खोली बांधावी; त्या खोलीत जमलेले कागदच पुढे नावे सुचवतील. हैदराबादच्या एखाद्या घरी पोलीस संघाचा जुना फोटो असेल, म्हापशाच्या एखाद्या घरी मेलबर्नच्या विजयाचे कात्रण असेल. ते जपून ठेवणे हीसुद्धा निवडसमितीचीच मदत आहे.

तुलसीदास बलराम यांचे शेवटचे दिवस कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे गेले. दालन उद्या उभे राहिले आणि त्यांचे नाव पहिल्या यादीत कोरले गेले, तरी ते वाचावयास ते नाहीत. सन्मानाची ही एक मर्यादा आहे आणि ती कोणत्याही समितीला ओलांडता येत नाही. मात्र १९६२ चे सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाची नावे एखाद्या शाळकरी मुलाने उद्या वाचली, तर त्याला ती अर्धी वाचावयास मिळावीत की पूर्ण, हे ठरविणे अजून हातात आहे. हैदराबादच्या शिक्षकापासून गोव्याच्या मध्यफळीपर्यंत सगळी नावे ज्या दिवशी एका भिंतीवर एकत्र येतील, त्या दिवशी चहाच्या दुकानातला वाद थांबणार नाही. तो थांबूही नये. पण वाद घालणाऱ्यांना निदान तिघांची नावे घेताना तिसऱ्यापाशी अडखळावे लागणार नाही.